दाढेवरचा तारा

ज्याचे ऐकणारे घरी कोणी उरले नाही, त्याचे बोलणे परक्याच्या कानी पडले, तर तो अपराध नव्हे. म्हणूनच तोतोनिकापान गावच्या त्या दवाखान्यातल्या बाकावरून वृद्ध आन्सेल्मो उठून गेले नाहीत. आत, उघड्या दारापलीकडे, दातांची डॉक्टरीण डोन्या इलारिया या म्हाताऱ्या बाईंशी बोलत होती.

"मावशी, मुळाचं काम झालं. पण दाढ आता पोकळ आहे. कॅप बसवली नाही तर तडकेल."

"बसव की. सोन्याची, वर तारा उठवलेली."

"अहो, तारा पुढच्या दातावर शोभतो! दाढेवर कोणाला दिसणार?"

"पुढचाच होता. लग्नात आम्ही दोघांनी बसवलेला. माझा गेल्या साली दातासकट पडला."

"आणि काकांचा?"

"त्यांच्याबरोबर मातीत गेला."

"पण मुलगी पांढरी बसवा म्हणते ना?"

"ती रविवारी फोनवर बघते, पोरी. बाकी सहा दिवस हे तोंड माझं एकटीचं असतं."

"चावून चावून तारा झिजेल हो."

"झिजू दे. जिभेला सापडला म्हणजे झालं."

आत हत्यारांचा ट्रे सरकल्याचा आवाज आला.

"मग आतल्या अंगाला उठवते, जिभेकडे. तिथे नाही झिजायचा. आ करा."

आन्सेल्मोंनी छातीवर क्रूसाची खूण केली. देवा, हिला घास गोड लागो, आणि त्या घडवणाऱ्या हातांना यश दे.