तिखटात बुडवलेला पाव

मेक्सिकोतल्या ग्वादालाहारात तोर्ताच्या, म्हणजे रश्शात बुडवलेल्या भरल्या पावाच्या, गाडीवर रांगेत माझ्यापुढे म्हातारे बहीणभाऊ होते. भाऊ बऱ्याच वर्षांनी शिकागोहून आलेला.

“ताई, किती गाड्या फिरलो! आईबरोबर खायचो ती चव कुठेच नाही.”

“प्रत्येक ठिकाणी तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं, एवारिस्तो.”

“मिरची फार घालतात हल्ली. लहानपणी अख्खा पाव तिखट रश्शात बुडवून खायचो मी, हूं की चूं नाही!”

“तिखट कसलं! आई गाडीवाल्याच्या कानात सांगायची, ‘याला नुसता टोमॅटोचा रस्सा घाला, पण कळू देऊ नका.’”

“आणि तू आज सांगतेस?”

“तिने शपथ घातली होती... चल, आपला नंबर आला. काय सांगू?”

“मोठ्याने तिखटच सांग. मग त्याच्या कानात काय सांगायचं ते सांग. मी तिकडे बघतो.”