माझ्या खुणेची सरळ फुलं

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपले कागदवाले साहेब. प्रमुख पाहुण्या, भेटवस्तूंच्या दुकानाच्या मालकीणबाई. आपल्या कार्यशाळेच्या बाई. टेबलांवरच्या माझ्या सगळ्या लेकीसुना. आणि खाण्याच्या आशेने मागच्या रांगेत येऊन बसलेले त्यांचे नवरे, या सर्वांना म्हातारीचा नमस्कार.

सुरुवातीलाच एक आठवण करून देते, कारण एखादी सोडली तर तुमच्यापैकी कुणाच्याही ती लक्षात नसणार. हा माझा दुसरा निरोप समारंभ आहे. हो, दुसरा! दोन वर्षांपूर्वी याच सभागृहात, याच करकरणाऱ्या खुर्च्यांवर बसून तुम्ही मला निरोप दिला होता. अध्यक्ष हेच होते. मला भिंतीवरचं घड्याळ दिलंत आणि सोमवारी सकाळी तेच घड्याळ बघून मी वेळेवर कामाला हजर झाले. दोन दिवस घरी बसून सुनेच्या प्रत्येक कामात नाक खुपसलं होतं, त्यामुळे मला सोडायला सून स्वतः आली होती. एकीने तरी विचारावं की नाही, "आजी, तुम्हाला निघून जायला सांगितलं होतं ना?" कुणी विचारलं नाही. विसरलात. म्हणून अध्यक्षांना माझी विनंती, नवं भाषण करायचे कष्ट घेऊ नका. मागचंच करा. फक्त माझं वय दोनने वाढवा.

आता तुम्ही ऐकताय तो आवाज माझ्या नातीचा आहे. मला लिहिता येत नाही, वाचता येत नाही, आणि आज मी तिथे आलेलीही नाही. माझा पाय मुरगळला आहे. मी सांगितलं, तिने लिहिलं. लिहिताना ती तीनदा म्हणाली, "आजी, हे नको सांगूस." मी तीनदा म्हटलं, "तू लिही." वाचता वाचता ती मध्येच खोकली, तर समजा की तिथे काहीतरी गाळायचा तिचा बेत आहे. शेजारी बसलेल्यांनी तिला कोपराने ढोसलावं.

तर फुलांची शुभेच्छापत्रं करण्याच्या धंद्यात एक अंगठाबहाद्दर बाई शिरली कशी? तर मालकीणबाईंना हे माहीत नसेल, बाकीच्यांनी पुन्हा हसून घ्या. मी आले तेव्हा बाईंनी विचारलं, "आजी, लिहिता-वाचता येतं?" मी म्हटलं, "फुलं कुठे वाचावी लागतात?" त्या हसल्या आणि मला खिडकीजवळचं टेबल दिलं. पहिल्याच आठवड्यात मी एक अख्खा गठ्ठा उलटा चिकटवला. फूल बरोबर उभं, देठ खाली, पाकळ्या वर, आणि 'हार्दिक शुभेच्छा' डोक्यावर उभ्या. बाईंनी एक कार्ड हातात धरलं, मग मान वाकडी केली, मग कमरेत वाकल्या. मला वाटलं, बाई नमस्कार करताहेत. मीही हात जोडले.

त्या दिवशी त्यांनी मला शिकवलं. "आजी, अक्षरं म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे. दोरी नेहमी वर." तेवढं एक शिक्षण मला आयुष्यभर पुरलं. तेव्हापासून दोरी बघते आणि चिकटवते. कपडे कुणाचे आहेत, वाढदिवसाचे की लग्नाचे, ते मला आजही कळत नाही.

तसा अक्षरांशी माझा घरोबा जुना आहे. आपल्या कपाटातले ते तीन जाडजूड शब्दकोश तुम्ही कधी उघडले असतील-नसतील, मी रोज उघडते. शेवंतीच्या पाकळ्या पहिल्यात, गुलाबाच्या दुसऱ्यात, बागेतली बारीक निळी फुलं तिसऱ्यात. वर वीट. पंधरा दिवसांनी काढायची. ओलं फूल ठेवलं की डाग पडतो, जाड फूल ठेवलं की कुजतं, आणि घाई करून दर दोन दिवसांनी उघडून पाहिलं की पाकळी पानालाच चिकटून बसते. त्या शब्दकोशात जे शब्द वाचता येत नाहीत, ते माझ्यामुळे. बाई इतकी वर्षं उंदरांना दोष देत आल्या. उंदरांचीही आज क्षमा मागते.

मालकीणबाईंसाठी एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या प्रत्येक कार्डाच्या आणि भेटीच्या खोक्याला बांधायच्या प्रत्येक टॅगच्या पाठीमागे, कोपऱ्यात, करणारीची खूण असते. बाकीच्या पेन्सिलीने आपलं अक्षर काढतात. मी पिवळ्या पाकळीचा नखाएवढा तुकडा चिकटवते. काम बिघडलं असेल तर बाई खूण बघून ते जिचं तिला परत करतात. आणि मंडळी, गेल्या वर्षभरात पिवळ्या पाकळीचं एकही कार्ड परत आलेलं नाही! एकही नाही! टेबलावर बसून मी सांगायची, "याला म्हणतात अनुभव. डोळे मिटून केलं तरी फूल सरळ बसतं." डोळे जवळजवळ मिटलेलेच होते म्हणा. डाव्या डोळ्याने मला धुकं दिसतं आणि उजव्याने एकाच्या जागी दीड फूल. डॉक्टर म्हणाले ऑपरेशन करा, मी म्हटलं हंगाम संपू द्या. कुठला हंगाम ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर जी बसते, तिला आपण सगळे मुंगी म्हणतो. हे नाव मीच ठेवलं. मान खाली, आवाज नाही, आणि काम कधी पुरं होत नाही. महिनाअखेरीस सर्वांत कमी कार्डं तिची. दुपारी घरी जाते ते आईला भरवायला. आई अंथरुणाला खिळलेली आहे, घर दहा मिनिटांवर आहे, म्हणून हे जमतं. लांब कुठे काम धरलं तर जमणार नाही. हे मला ठाऊक होतं. तरी महिन्यापूर्वी बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं, "आजी, तुम्ही शेजारी बसता. मुंगीचं काम इतकं कमी का भरतं?"

मी काय म्हणावं? मी म्हटलं, "लक्ष नसतं हो तिचं. दुपारी घरी पळते, आल्यावर मान मोडून बसलेली दिसते, पण निघत काहीच नाही. आमच्या वेळी असं नव्हतं."

आमच्या वेळी! जणू माझी वेळ मी डब्यात घालून रोज बरोबर आणते.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नऊ टेबलांची सहा करायची ठरली. एक माझं, मी म्हातारी झाले म्हणून. एक रिबिनवालीचं, ती नवऱ्याच्या बदलीच्या गावी निघाली म्हणून. आणि तिसरं मुंगीचं. मुंगीने ऐकलं, मान हलवली, आणि चिमट्याने पाकळी उचलली.

त्याच आठवड्यात मालकीणबाई आल्या. पर्समधून एक कार्ड काढलं आणि म्हणाल्या, "हे कुणी केलंय? मला अशाच फुलांचे दोनशे टॅग हवेत." बाईंनी कार्ड उलटलं, पिवळी पाकळी बघितली आणि मोठ्याने हाक मारली, "आजी!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी अशी लाजले की विचारू नका. या वयात लाजल्यावर खोकला येतो.

मग ते कार्ड माझ्या हातात आलं. मी खिडकीशी नेलं, नाकाला लावलं, उजव्या डोळ्याने पाहिलं. मंडळी, तुम्ही माणसाचं अक्षर ओळखता ना? लिफाफा उघडण्याआधी कळतं ना कुणाचं पत्र आहे ते? मला तसा हात ओळखता येतो. मी फूल मधून बाहेर लावते, आधी पोट, मग पाकळ्या. या कार्डावर आधी बाहेरचं कडं बसवलं होतं आणि मग आत आत येत मधला ठिपका. डिंक कुठे बाहेर आलेला नाही. माझा डिंक तर पाहुण्यांसारखा सगळीकडून बाहेर येतो. हे फूल माझं नव्हतं. मागची पाकळीसुद्धा माझी नव्हती, ती फारच नीट कापलेली होती.

दुसऱ्या दिवशी मी एक उद्योग केला. एका टॅगवर निळं फूल मुद्दाम वाकडं चिकटवलं. इतकं वाकडं की मलाही ते वाकडं दिसलं. ट्रेमध्ये ठेवलं, चहाची सुट्टी झाली, मी उठले आणि चहाला न जाता मोरीच्या दाराआड उभी राहिले. माझी सून माझ्यावर अशीच पाळत ठेवते, तिच्याकडून शिकले.

मुंगी उठली. माझा ट्रे ओढला. डिंक ओला होता तिथली फुलं चिमट्याने उचलून सरळ केली. जिथे सुकला होता ते कार्ड बाजूला टाकून स्वतःच्या गठ्ठ्यातलं कोरं कार्ड घेतलं, स्वतःची फुलं लावली, आणि पाठीमागे पिवळा तुकडा.

रिबिनवाली म्हणाली, "अगं, कशाला करत बसतेस? तुझी कार्डं कमी भरतात. आता टेबलही गेलं तुझं. सांग ना बाईंना."

मुंगी म्हणाली, "काय सांगू? आजीला दिसत नाही म्हणून? उद्यापासून ती यायचीच नाही."

"मग नको येऊ दे. जाताना घड्याळ नेलं आणि सोमवारी परत आली! आणि तुझ्याच नावाने ओरडत असते दिवसभर."

"ओरडू दे गं. तिची बडबड नसली की मला झोप येते."

मोरीत उभ्या बाईने अशा वेळी काय करावं? बाहेर यावं, तिचा हात धरावा, बाईंना हाक मारावी. मी काय केलं? मी नळ सोडला, मोठ्याने खाकरले, आणि हात पुसत पुसत बाहेर येऊन म्हटलं, "काय गं मुंगे, चहा संपला का गप्पा मारण्यात?"

आणि मग अकरा दिवस मी गप्प बसले. अकरा दिवस कौतुक घेतलं. मालकीणबाईंच्या दोनशे टॅगांवर माझी पिवळी पाकळी लागली. त्यातले माझ्या हातचे किती ते विचारू नका. मालकीणबाई, तुम्ही आज खास माझ्यासाठी आलात असं ऐकलं. तुमची गाडी चुकीच्या टेबलासमोर थांबली.

नातीच्या पिशवीत दोन कार्डं आहेत. तिने ती आता बाहेर काढावीत आणि हातोहात मागच्या रांगेपर्यंत फिरू द्यावीत. दोन्हींच्या पाठीमागे पिवळी पाकळी आहे. एक मालकीणबाईंनी आणलं होतं ते. दुसरं मी काल घरी बसून केलं, कुणाच्या मदतीशिवाय, अगदी मन लावून. ज्या कार्डातलं फूल सायकलखाली सापडल्यासारखं दिसतंय, ते माझं. हसा, खुशाल हसा, पण हसून झाल्यावर दोन्ही कार्डं बाईंच्या हातात द्या.

बाई, तुमचा हिशोब चुकला नाही, तुम्हाला दाखवलेल्या खुणा चुकीच्या होत्या. वर्षभर माझ्या नावावर जे भरलं ते तिचं होतं, आणि तिच्या नावावर जे कमी पडलं ते माझ्यामुळे. टेबलं सहा करायची तर करा. पण त्यांतलं एक मुंगीचं असू द्या, आणि ते खिडकीजवळचं असू द्या. दुपारच्या तिच्या घरी जाण्याबद्दल मी जे बोलले, ते मी परत घेते. बोललेलं परत घेता येतं का, ठाऊक नाही. मला शब्द दोरीच्या बाजूने तेवढे कळतात.

आणि हो, पाय. पाय मुरगळला आहे हे खरं. पण काठी घेऊन मला येता आलं असतं. आमची सून तर म्हणाली, "मी पाठीवर घेऊन जाते, पण एकदाच्या निवृत्त व्हा." आले नाही, कारण हे सगळं मुंगीच्या समोर, तिच्या तोंडाकडे बघत सांगायची माझी छाती झाली नाही. दिसत नसलं तरी तिचं तोंड मला दिसलं असतं. नात इथे म्हणते, "आजी, हे तरी नको सांगूस." लिही गं, लिही.

अध्यक्षसाहेब, तुमचा कागद इतकी वर्षं माझ्या डिंकाखाली भिजला, तरी तुम्ही तक्रार केली नाहीत, तुमचे आभार. मालकीणबाईंचे आभार, त्या ते कार्ड घेऊन आल्या नसत्या तर मी अजून अनुभवावर व्याख्यानं देत बसले असते. बाईंचे आभार, त्यांनी मला दोरी दाखवली. टेबलांवरच्या सगळ्यांचे आभार, तुम्ही मला सहन केलंत. कुणाचं नाव घ्यायचं राहिलं असेल, कुणाला बोलणं फार टोचलं असेल, तर ते माझ्या वयाच्या खात्यावर टाका, तिथे अजून जागा आहे. वाचताना चुका झाल्या असतील तर त्या नातीच्या. शाळेत तिला घातलं होतं, मला नाही.

आता खाण्याचं. माझ्यासाठी केक पाठवू नका, नात वाटेतच वरचं क्रीम चाटून संपवते. बटाट्याचं सँडविच पाठवा, कडा कापून, कारण कडा मला चावत नाहीत. पण ते पाकीट नातीच्या हाती देऊ नका. मुंगीला विचारा, आजीकडे नेशील का? ती नाही म्हणाली, तर एकदाही आग्रह करू नका, ते पाकीट तिथेच कुणीतरी खाऊन टाका. हो म्हणाली, तर दोन पाकिटं द्या, तिच्या सँडविचमध्ये मिरची जास्त घाला, आणि तिला सांगा की दार नुसतं लोटलेलं आहे, ढकललं की उघडतं.