पहिली फेरी घरच्या मानसाची

कोल्हार माझं गाव, जल्म तिथलाच, रस्त्याच्या कडंला घर, दिसभर गाड्यांची येजा. मी वट्यावर डोळे मिटून बसायचो अन् नुसत्या आवाजावर सांगायचो, ट्रक आला का जीप आली. आई म्हनायची ह्याच्या कानात पेट्रोल भरलंय. शाळा झाली न झाली तेवढ्यात नागापूरला चाचा म्हनून एक मिस्त्री हुते, त्यांच्या गॅरेजला चिकटलो. चाचा ब्रेकशिवाय दुसऱ्या कामाला हात लावायचे न्हाईत. इंजन बंद पडलं तर मानूस पायी घरी येतो बाबा, ब्रेक गेला तर येत न्हाई, असं म्हनायचे. अन् त्यांचा एक नेम हुता, काय सांगू तुमाला, ब्रेक बांधला की पहिली फेरी आपल्या घरचं मानूस शेजारी बसवून मारायची. दुसऱ्याच्या लेकराच्या आधी आपलं बसव म्हनायचे. ते सोताच्या आईला बसवायचे, म्हातारी पान चघळत जीपमदी ऐटीत बसायची.

मग माझं लगीन झालं, गावात पत्र्याचं शेड टाकलं, तवा घरचं मानूस म्हंजे आमची सिंधू. नवी नवरी ती, तिला नेम सांगितला तर म्हनली, म्हंजे गेलो तर दोघं बरूबर, चला की. मग जीप म्हनू नका, टेम्पो म्हनू नका, लग्नाची फुलं तशीच चिकटलेली मोटार म्हनू नका, समद्यात बसली. दोन्ही अंगाला ऊस, वाऱ्यानं पदर उडतोय, अन् म्होरं नदीचा उतार. उताराला मी ब्रेक दाबायचो, गाडी गप उभी ऱ्हायची, इंजन बंद करायचो अन् दोघं खालचं पानी बघत बसायचो. कुनाची गाडी, कुनाचं डिझेल, पन तेवढा वखत आमचा. आमची हौसमौज समदी त्या उतारावर झाली बघा.

आता अलीकडं डोळ्यानं दगा दिला. लांबचं दिसतं, पार पुलापल्याडची बैलगाडी दिसती, पन हातातली स्प्रिंग दिसंना. चष्मा बदलला तरी चाकातल्या ब्रेकच्या ड्रमच्या आत धुकंच. कुनाला बोललो न्हाई, चाचपून काम करायला लागलो, हाताला ओळख हुती ना. ड्रमला हातोडीनं टकटक केली की गंज सुटतो, ड्रम हळूच निघतो, आत दोन ब्रेक शू, चंद्रकोरीवानी, एकमेकाकडं तोंड करून, पाठीवर ड्रमला घासनारं लायनर, एकाचं लांब, एकाचं आखूड, मधी तानलेल्या स्प्रिंगा. मला ते डोळे मिटूनबी दिसायचं. सपनातबी दिसायचं.

अशात भाऊसायबाची जुनी जीप आली. वस्तीवरनं शाळंची पोरं नेतो तो. पुढच्या दोन्ही चाकांचे शू पार घासून गेल्ते. आमची रीत अशी, दोन्ही ड्रम काढायचे, पन शू एकाच चाकाचे सोडायचे, दुसरं तसंच ठिवायचं अन् त्याच्याकडं बघत बघत जुळवायचं. मला कुठलं बघता येतंय? मी त्या चाकावर हात फिरवायचा अन् ह्या चाकावर तसंच लावायचं. शू बसले, स्प्रिंगा ओढून अडकवल्या, ड्रम चढवले. ब्रेकच्या तेलातली हवा काढायला सिंधू पेडलवर, मी खाली, दाब, धर, सोड, दाब, धर, सोड. समदं झालं अन् ती सवयीनं पदर खोचून गाडीत चढाया लागली. मी म्हनलं आज तू नको बसू. का हो? म्हनलं हाताचा भरवसा वाटंना गं. मग पोरांना बसवनार हुता व्हय? म्हनली, अन् बसली चढून.

उतार आला. मी हळूच पाय दिला अन् जीपनं कडंला मान टाकली, बाभळीकडं वढली अन् एक चाक गवतात घालून तिरकी उभी ऱ्हायली. इंजन बंद केलं. खाली पानी आपलं वाहतंय. मला रडू आवरंना बघा, म्हातारा मानूस मी. डोळ्याचं समदं तिला सांगून टाकलं, म्हनलं संपलं गं, शेडला कुलूप लावू. ती म्हनली, डोळे तुमचे गेले, माझे हायेत न्हवं? चला घरी, उघडा ते, मला दावा.

पहिल्या गिअरात हळूहळू घरी आनली. परत ड्रम काढले, तिनं मोबाईलची बॅटरी धरून वाकून बघितलं. म्हनली, अहो, लांब लायनरचा शू ह्या चाकाला पुढं हाय, त्या चाकाला मागं, असं असतंय का? कपाळावर हात मारला मी. आवो, एका चाकाम्होरं बसलं तर गाडीचं तोंड उजव्या हाताला येतं, दुसऱ्याम्होरं डाव्या हाताला. लांब शू दोन्हीकडं गाडीच्या तोंडाकडंच पायजे. मी आंधळ्यावानी उजव्या हाताचं उजव्या हातालाच लावलं हुतं. बदललं, परत उतारावर गेलो, नाकासमोर उभी ऱ्हायली जीप.

तवापासनं असंच चाललंय. हात माझे, नजर तिची. गिऱ्हाईक हसत्यात, आता मिस्त्री कोन म्हनत्यात, हसू द्या. ती माझ्यावर खेकसती, आवो ती स्प्रिंग न्हवं, खालची! पन एक झालंय. उतार आला की आता तिचा हात टपाच्या दांडीला घट्ट. परवा म्हनलं काय गं, जल्म गेला तुझा ह्या उतारावर, आता का भ्यायलीस? तर म्हनली, आधी काम तुमचं हुतं, मी बिनघोर हुते. आता मी बघितलेलं हाय, जीव उडतो हो. मी म्हनलं, येडे, हाच जीव मुठीत धरून मी इतकी वर्सं तुझ्या शेजारी बसलोय. तिनं माझ्याकडं बघितलं, माझ्या गुडघ्यावर हात ठिवला. म्हनली, दाबा आता. देवानं तिची नजर तेवढी सांभाळावी बाबा, मागं लोकांची पोरं बसत्यात.