उपास कोणत्या सूर्यानं सोडावा

गोजरबाई : पण गुरुजी, लंडन पाच हजार मैल म्हंजे बैलगाडीनं किती दिवस?

बंडोपंत : रोजचे वीस मैल धरले तर अडीचशे दिवस. वाटेतला समुद्र वगळून.

उकंडराव : समुद्रात बैल जुंपू नका. पोरगं इमानानं चाललंय, त्याचं सांगा.

बंडोपंत : तुमच्या उत्तमनं पत्रात लिहिलंय. सोमवारी पहाटे मुंबईच्या विमानतळावरून उडायचं. वाटेत कैरोला थांबा. मंगळवारी पहाटे लंडनच्या विमानतळावर उतरायचं.

उकंडराव : एका दिवसात? औंदा निजामाचं राज्य जायालासुदिक पाच दिवस लागले!

गोजरबाई : सोमवार म्हणलात न्हवं? मग घोळ झाला.

बंडोपंत : कसला घोळ, वहिनी?

गोजरबाई : उत्तम दीड महिन्याचा असताना निळा पडला होता. नागनाथाला बोलले, याला जगव. दर सोमवारी याच्या डोक्यावरचा सूर्य मावळल्याबिगर मी अन्न घेणार न्हाई. बावीस वर्षं झाली, एक सोमवार चुकला न्हाई. म्हणून पोरगं हाय.

उकंडराव : बावीस वर्षं ही आभाळाकडं बघून राहिली, अन् मी ताटाकडं.

बंडोपंत : मग या सोमवारीही दिवेलागणीला सोडा की.

गोजरबाई : दिवेलागण आपल्या डोंगरकडा गावात व्हईल. इमानात कवा?

(बंडोपंत गोजरबाईंनी भाजीसाठी आणलेलं काशीफळ, म्हणजे लाल भोपळा, पुढे ओढतात, त्यावर खडूनं दोन टिंबं काढतात.)

बंडोपंत : हे आपलं डोंगरकडा. हे लंडन. ती खिडकी म्हणजे सूर्य. आता हळूहळू फिरवतो. पाहा, आपण अंधारात गेलो. लंडन?

गोजरबाई : अगं माय! तिकडं ऊनच हाय की!

बंडोपंत : उत्तम मावळतीकडं निघालाय. सूर्य पुढं, हा मागं. त्यामुळं त्याचा दिवस लांबत जाणार.

उकंडराव : म्हंजे आमचं पोरगं सूर्याच्या मागं पळून राहिलं? शाळेत यायला तर फोक लागायचा.

बंडोपंत : तो मीच मारायचो.

गोजरबाई : अन् गाठलं तर सूर्याला?

बंडोपंत : नाही गाठणार. कैरोच्या आसपास मावळेल. तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेआठ वाजलेले असतील. खरं सांगू, वहिनी? पृथ्वी गोल आहे हे मी अठरा वर्षं शिकवतोय. परीक्षेपुरतं. आत्ता हे फिरवताना पहिल्यांदा पटलं.

गोजरबाई : मग मी साडेआठलाच सोडीन.

उकंडराव : अगं, तीन तास जास्ती! तुला चक्कर येती. नागनाथ काय घड्याळ घेऊन बसलाय?

गोजरबाई : तो काहून बसंल? शब्द मी दिला. लेकरू तिकडं अधांतरी, अन् मी हिकडं भाकर मोडू? तुमी जेवून घ्या बराबर दिवेलागणीला.

उकंडराव : गुरुजी.

बंडोपंत : बोला.

उकंडराव : त्या काशीफळावरची टिंबं पुसू नका. हिला भाजी करायला दुसरं आणून देतो.

बंडोपंत : बरं.

उकंडराव : अन् सोमवारच्या दिवस तुमचं घड्याळ आमच्याकडं ठेवा.

बंडोपंत : अवश्य.

उकंडराव : चावी भरून द्या पण. मधीच थांबाया नको.