माळ्यावरची टाकी

अरे, आमच्या दिवा गावात पाण्याचे काय हाल आहेत, ते तुला वेगळं सांगायला नको. म्हणून मी बेडरूमच्या माळ्यावर भलीमोठी पत्र्याची टाकी बसवून घेतलेली. तरी एक मग पाणी जास्त सांडलं की आमची बायको अख्खं घर डोक्यावर घेते.

परवा दुपारी बघतो तर नववीतली पोरगी स्टुलावर चढून टाकीची मापं घेतेय. म्हटलं, "काय गं?"

"घरातल्या एका वस्तूचं घनफळ काढायचंय. दोन मीटर लांब, एक मीटर रुंद, अर्धा मीटर उंच. बाबा, बरोब्बर एक घनमीटर! हजार लिटर!"

मी कॉलर ताठ केली. "बघ, बापाने केवढी टाकी बसवलीय!"

"पण बाबा, एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ना?"

आई शप्पथ! एक टन! आणि त्याच्या बरोब्बर खाली माझी आई पलंगावर मस्त घोरतेय!

मी आईला उठवायला धावलो. तेवढ्यात मागून बायको किंचाळली, "आधी घरातले सगळे नळ सोडा!"

अरे, दिव्यातली बाई स्वतःच्या तोंडाने नळ सोडा म्हणते! तेव्हा मी खरा घाबरलो.