लाल शाईतलं नाव

...नाई, पन मी म्हनतो राजेहो, पाखरं पाहाले गेलेल्या मानसानं पाखरं पाहाव का नाई पाहाव? साधी गोठ हाये! लग्नात गेला त जेव, भजनात गेला त टाळ वाजव, अन् तलावावर गेला त पाखरं पाह्य! पन आमचं हे 'पाखरू मंडळ', अमरावती-अकोला... त्याले यंदा दहा वर्सं झाले, तर म्हने कार्यक्रम कराचा. बरं, करा! पन काय कराचं? म्हने सगळ्यायनं आपापल्या नोकरी-धंद्याची कहानी सांगाची! तलावाच्या पाळीवर, त्या बांधावर! सकाळी सात वाजता! अरे, बदकं तिकडं बर्फातून हजारो मैल उडून येऊन राह्यले, अन् तुमी त्यायच्याकडं पाठ करून आपलं सर्विस बुक वाचून राह्यले? आपन पाखरं पाहाले आलो ना?

तुमाले सांगतो, मी मोतीराम खंडारे. रिटायर मानूस. अमरावतीतच एका सरकारी हापिसात होतो, कोन्त्या ते इचारू नका. चौतीस वर्सं आवक-जावक टेबल. आलेला कागद रजिस्टरात चढवाचा, शिक्का माराचा, पुढच्या टेबलवर ढकलाचा. जानारा कागद चढवाचा, धाडाचा, अन् तिकडून पोच आनाची. म्हंजे 'भेटला बाप्पा तुमचा कागद' अशी सही. सही नाई त कागद नाई! मजुरी करनारा बाप होता माहा, तो म्हने, "मोत्या, सावलीतली खुर्ची भेटली, सोडू नको." नाई सोडली. चौतीस वर्सं तेच खुर्ची, निस्ती तिची वेताची जाळी तीन डाव बदलली. आता याच्यात कहानी काय सांगता?

अन् मंडळातबी माह्या वाट्याले काय आलं? रजिस्टर! "खंडारेजी, तुमचं अक्षर चांगलं हाये." घ्या! मंग आमचा एक नियम हाये. जे पाखरू मंडळानं कदीच पाह्यलं नसन, ते पयल्यांदा ज्याले दिसन, त्याचं नाव 'प्रथम दर्शन' म्हनून लाल शाईनं लिहाचं. खुशालरावाचे तीन नावं लाल. माणिकबाईचे पाच. तो फोटोवाला विपुल, कालचा पोट्टा, त्याचे सात! अन् माहं? नऊ वर्सं झाले, माह्याच हातानं, माह्याच लाल पेनानं, दुसऱ्यायचेच नावं लिहून राह्यलो! आधी हापिसात चौतीस, मंग इथी नऊ... एखांद्या मानसानं आखिर किती लोकायचे नावं लिहाव?

मी धरून बसलो होतो चमच्यावर. चमचा म्हंजे पाखरू हो! बगळ्यावानी पांढरं, पन धिप्पाड, अन् चोचीचं टोक चपटं, कढी वाढाच्या डावासारखं. दुसऱ्या जिल्ह्यात दिसते, आमच्या रजिस्टरात नाई. हापिसात चमचे ढिगानं पाह्यले, तलावावर एक नाई! नऊ हिवाळे मी पाच वाजता उठून, कानाले मफलर बांधून, परतवाडा रोडच्या त्या तलावावर जाऊन राह्यलो, कावून? एक लाल नाव. बस. दुसरं काई मांगनं नाई.

आता हे कहानी सांगाचं खूळ काढलं कोनं? आमच्या अध्यक्ष, दामिनीताई. दाताच्या डॉक्टर. पुन्याले शिकल्या, म्हनून बोलनं एकदम साफ. "काका, आपण इतकी वर्षं भेटतो, पण एकमेकांचं आयुष्य आपल्याला कुठं माहितीये?" मी मनात म्हनलं, नाई माहीत म्हनूनच त दहा वर्सं टिकलं न बाई! तिकून त्या म्हनतात, "आणि सहकुटुंब यायचं बरं का!" झालं. घरी आमची बायको, माया, तयारच. तिले पाखराचं काई नाई, तिचा एकच सवाल हाये, "नऊ वर्सापासून जाता, एक त घरी आनलं काय?" पन तिखट पुऱ्याचा डबा, लोनचं, घडीची खुर्ची, सगळं घेऊन बाई गाडीवर मांगं बसली.

बसलो पाळीवर गोल करून. मांगं तलाव, पान्यावर ऊन पसरून राह्यलं, खंड्या सूर मारून राह्यला, अन् इकडं सुरू झाले अकोल्याचे खुशालराव. या मानसाच्या मिशा पाह्यल्या त वाटते पयलवान असन. होताच! पयले कुस्ती, मंग गुडघा गेला त जिनिंगमधे फिटर, मंग बँड पार्टीत क्लॅरोनेट, अन् आखरीले बाजार समितीत कापसाचा हर्रास, म्हंजे लिलाव, पुकारनारा, बावीस वर्सं! आत्ता समजलं मले! हा मानूस बदकं मोजाले उभा राह्यला की आकडा खाली येतच नाई. "एकशेऐंशी... एकशेनव्वद... दोनशे हाय काय, दोनशे? दोनशे दहा! दोनशे दहा एक वार, दोन वार..." अन् बदकं तर राजेहो, दीडशेच! मी रजिस्टर घेऊन बाजूले उभा, काय लिहू? बाकीचे टाळ्या वाजवून राह्यले अन् तो खंड्या मासोळी घेऊन आमच्या डोक्यावरून गेला. पाह्यला कोनं? कोनीच नाई! आपन पाखरं पाहाले आलो ना?

मंग विपुल. लग्नाचे फोटो काढते. त्याच्या आधी मोबाईलचे कव्हर इकले, डीजेवर बसला, पुन्याले कंपनीत खोके पॅक केले, अन् वापस आला. तो टिटवीलेबी म्हनते, "ताई, थोडं इकडं पाहा... मान उलीसक खाली... बस, बस!" दोन हात लांब लेन्स हाये त्याची. पन स्वतःची कहानी सांगता सांगता गड्यानं त्या लेन्सले झाकन लावून ठेवलं. हे ध्यानात ठेवा.

मंग माणिकबाई. धारनीकडं आरोग्य केंद्रात एकतीस वर्सं नर्स. बाई बोलली हळू, पन तुमाले सांगतो, सगळे कान देऊन पुढं वाकले! घाटात एस्टी बंद पडली, गाडीत एक अडलेली बाई, मांगच्या शिटावर बाळंतपन. कंडक्टर बाहेर तोंड करून चादर धरून उभा, डायवर रस्त्याच्या कडेले गोट्यायची चूल मांडून पानी तापवून राह्यला, अन् पोरगी झाली, नीट! तेच पोरगी आता तिथीच नर्स हाये. दामिनीताई रडल्या, खुशालरावाच्या मिशा भिजल्या. माह्याबी डोळ्यात... खोटं काहून बोलू, आलं पानी. माया त सरळ उठली अन् माणिकबाईले पुऱ्या देल्ल्या.

पन आता माही पंचाईत झाली न राजेहो! कावून, त पुढचा नंबर माहा! कुस्ती झाली, हर्रास झाला, डीजे झाला, एस्टीतलं बाळंतपन झालं... अन् त्याच्यावर मी काय सांगू? शिक्का? मी ठरवलं, उभं राहाचं, "मोतीराम खंडारे, आवक-जावक, चौतीस वर्सं, जय भीम, धन्यवाद", अन् दुरबीन उचलून पान्याकडं! उभा राह्यलो, तसंच बोललो, बसून राह्यलो होतो, अन् तवा हा खुशालराव बोलला, "अन् मोतीरामजी, चौतीस वर्सात टेबलवर कदी काईच झालं नाई?"

काईच नाई? मले लागलं ते. मी म्हनलं, नत्थुजी झाला!

नत्थुजी म्हंजे बाळापूरकडच्या एका खेड्यातला म्हतारा. गावाच्या नाल्यावर रपटा, म्हंजे ठेंगना पूल, पाह्यजे, पावसाळ्यात पोट्ट्यायची शाळा बुडते, म्हनून दर महिन्याच्या एक तारखेले त्याचा अर्ज ये. मी चढवू, शिक्का मारू, पुढं ढकलू. पुढचं टेबल 'योग्य त्या कार्यवाहीस्तव' म्हनून दुसऱ्या हापिसाले धाडे, ते हापिस 'आपल्या स्तरावर' म्हनून आमालेच धाडे, अन् तोच अर्ज माह्याच टेबलवर वापस! जाये उजव्या हातानं, ये डाव्या हातानं! एक नाई, दोन नाई, एक्केचाळीस अर्ज! अन् एक दिवस नत्थुजी सोता खिडकीत उभा. म्हने, "सायेब, माहे अर्ज पोचतेत ना?" मी रजिस्टर उघडून एक एक नोंद दाखवली. त्यानं बोट फिरवलं, सगळे मोजले, अन् म्हनते, "पोचले. म्हंजे चूक माही नाई." अन् खुश होऊन गेला! खुश होऊन, राजेहो! मले त्या दिवशी जेवन गेलं नाई.

"मंग?" विपुल म्हनते. "मंग?" माणिकबाई म्हनते. सगळे पुढं सरकले. आता मीबी रंगलो. पान्याकडं पाठ केली, बाह्या वर केल्या. तवा मांगून माया माहा शर्ट वढते. "अवो..." मी म्हनलं, "थांब न वं, मुद्द्यावर आलो."

दुसऱ्या दिवशी मी खुर्चीतून उठलो. आवक-जावकवाला उठत नसते हो! एक्केचाळीस अर्जाचा गठ्ठा बांधला, अन् सायबासमोर उभा. "सायेब, पोच द्या." "कशाची?" "एक्केचाळीस अर्जाची. प्रत्येकावर सही लागन, नियम हाये." सायबानं पयल्यावर सही केली, दुसऱ्यावर केली...

"अवो, ते पाहा ना..." पुन्हा माया! "थांब म्हनलं न!"

...दहाव्यावर चष्मा काढला, सतराव्यावर पेन ठेवला, अन् फोन उचलला. पुढच्या पावसाळ्याच्या आधी रपटा झाला! नत्थुजी तुरीच्या शेंगाची थैली घेऊन हापिसात आला. अन् मी काय केलं? रजिस्टरात चढवली! आवक, शेंगा, थैली एक, प्रेषक नत्थुजी! जावकच्या रकान्यात लिहिलं, सर्व कर्मचारी, पोटात!

अहाहा! काय टाळ्या पडल्या म्हनता! खुशालरावानं मले उचललं, गुडघा इसरून! दामिनीताई म्हने, "काका, तुम्ही हे नऊ वर्षं लपवून ठेवलं?" पंचवीस मिनिटं बोललो मी. छाती अशी फुगली... सोता वळलो, म्हनलं, काय वं, काय वढून राह्यली होती?

तिनं मोबाईल पुढं केला. "काई नाई. आचलले धाडाले काढला. तो बगळा पाहा कसा, तोंडाले डाव लावलेला, अन् कढी हालवल्यावानी पानी हालवून राह्यला होता. धा मिनिटं होता. आत्ता उडाला."

पान्याकडं पाह्यलं. पानी होतं, बस.

आचल आमची पोरगी, नागपुरात राह्यते, तिच्यासाठी काढलेला तो व्हिडिओ. सगळे मोबाईलवर वाकले. विपुल त आपल्या लेन्सच्या झाकनाकडं पाहून रडकुंडीले आला. पक्का चमचा, शंकाच नाई! अन् इतक्या लोकायत एकट्या मायाले कावून दिसला, सांगू? बाकीचे सगळे माही गोठ आयकून राह्यले होते, मी सांगून राह्यलो होतो, अन् तिची... तिची आयकून झाली होती! वीस वर्सापासून! तिले त शेंगाची थैली कोन्त्या रंगाची होती तेबी पाठ हाये! तिनं पाखरं पाह्यले. तिथी दुसरं काय होतं तिले पाहाले?

दामिनीताई मनाच्या मोठ्या. हळूच म्हने, "काका, काकू तुम्हालाच तर दाखवत होत्या. तुमचंच नाव लिहा ना." खुशालराव म्हने, "लिहा, लिहा! एक वार, दोन वार..." मायाबी म्हने, "लिहा न तुमचंच, मले काय कराचं हाये बगळ्याचं?" लाल पेन हातात होता राजेहो. रकाना कोरा. नऊ वर्सं! टोपनबी काढलं. पन चौतीस वर्सात एक नोंद खोटी केली नाई. नत्थुजीनं बोट फिरवलं असतं ना या रकान्यावर, त काय म्हनला असता?

लिहिलं. 'चमचा. प्रथम दर्शन, सौ. माया मोतीराम खंडारे.' तुमी एकडाव ते पान पाहाले याच, पुऱ्या रजिस्टरात असं अक्षर नाई. अन् मधात आपलंबी नाव आलं म्हना, बारीक काहून नसन. अन् खाली नोंदीची पोच म्हनून मायाची सहीबी घेतली. नियम हाये.

तवापासून काय झालं, तुमाले सांगतो. दर रईवारी पाच वाजता मले कोन उठवते? तेच! मफलर तिच्या गळ्यात, दुरबीन तिच्या गळ्यात. म्हनते, "अवो, उठा न! तुमी त्यायले ते शेंगाची गोठ सांगजा, मी तवरोक एखांदं नवं पाहून घेते." मी म्हनलं, वं, आपन पाखरं पाहाले जातो ना? म्हने, "मी जाते. तुमी नोंद घ्याले चला. लाल पेन घेतला ना?"

घेतला, बाप्पा.