भीतीला आत्याबाई म्हणणारी पोरगी

माझं गाव पालमच्या तिकडं. आई-बाप दिवाळी झाली की ऊस तोडायला जायचे अन् मी मामाकडं राहायची. पळायचं वेड कुठून लागलं काय सांगू तुम्हाला, शाळा लांब हुती, उशीर झाला की मास्तर मारायचे म्हणून पळत जायची, एवढंच. मग त्याच मास्तरांनी मला तालुक्याच्या शर्यतीत उभं केलं, तिथून जिल्हा, तिथून पुढं, अन् पायात बूट आले तेबी तवाच.

पण मोठ्या शर्यतीला उभं राहिलं की हातपाय गार पडायचे. आमचे कोच म्हणायचे, भित्री हायेस तू, जा घरी. गावाकडं जे पाय पळतेत ते इथं का अडतेत, हे मला कळंना. ते कळावं म्हणून परभणीला कॉलेजात मानसशास्त्र घेतलं, पळायचं काही सोडलं न्हाई, अन् नंतर खेळाडूच्या मनाचा एक वेगळा कोर्स असतोय तो पुण्याला राहून केला. बाप म्हणला, मनाचं काय शिकायचं असतंय बाई. आता बाप न्हाई, पण मी तेच शिकवायलेय इथं ग्राउंडवर पळणाऱ्या पोरींना, आज केस पांढरे झाले तरी.

मी पोरींना सांगते, भीती सगळ्यांनाच वाटती, तिला लपवू नका, तिला एक नाव द्या. गोदा म्हणून एक पोरगी हुती, तिनं आत्याबाई नाव ठेवलं. शर्यतीच्या आधी यायची अन् म्हणायची, मॅडम, आत्याबाई आली पोटात, चहा मागायली. समद्या पोरी हसायच्या अन् त्या हसण्यातच त्यांची भीती जायची. एवढं शिकले मी, पण असं काही मला सुचलं नसतं.

गोदाचे आई-बापबी ऊसतोडीलाच, म्हणून ती इथं होस्टेलला राहायची. रिलेत चौघी पळत्यात, त्यात तिसरी गोदा अन् शेवटची शबाना, म्हणजे गोदा पळत येणार अन् हातातली दांडी, बॅटन म्हणतेत तिला, ती शबानाच्या हातात देणार. शबाना मागं वळून बघतबी नसे, नुसता हात मागं करायची, बॅटन हातात पडायचीच.

संक्रांतीला गोदा आईला भेटायला उसाच्या फडावर गेली. जाताना म्हणली, मॅडम, दोन दिवसांत येते, माझ्या जागेवर कुणाला पळवू नका. येताना उसाच्या ट्रॅक्टरवर बसून सडकेपर्यंत यायली हुती, ट्रॉली पलटी झाली... काय सांगू, त्यातच गेली.

पोरी ग्राउंडवर येऊन बसून राहायच्या. मीबी बसायची. दुसरी पोरगी गोदाच्या जागेवर घेतली तर शबानानं हात मागं केला, बॅटन हातात पडली, पण मूठच मिटंना, बॅटन खाली गेली. म्हणली, मॅडम, हा हात गोदाचा न्हाई. इतकी वर्सं मनाचं शिकवलं मी, पण त्या पोरीला काय सांगावं ते मला आलं न्हाई. मी तिला म्हणलं, न्हाई पळायचं तर नको पळू बाई.

गुढीपाडव्याच्या सुमारास ऊसतोड संपली अन् गोदाची आई आली, फडावरून घरी न जाता थेट ग्राउंडवर. पायात चप्पल हुती ती काढून हातात घेतली, देवळात आल्यासारखी. म्हणली, बाई, शर्यती थंडीतच व्हायच्या, आमी तवा फडावर, म्या तिला पळताना कधी बघितलंच न्हाई, कशी पळायची ते सांगा. मी सांगायला तोंड उघडलं हुतं. तवा शबाना उठली. कुणी सांगितलं न्हाई, तिसरीच्या जागेवर जाऊन उभी राहिली अन् गोदासारखी पळाली, तशीच हनुवटी वर, तसाच डावा हात जरा बाहेर. ती माऊली नुसती बघत हुती. शबाना धापा टाकत जवळ आली तर तिला म्हणली, एवढ्या जोरात पळायची का गं? शबाना म्हणली, खाला, इससे भी जोर से. तवा ती खाली बसली अन् मग रडली.

शबाना आता रिले पळत न्हाई, एकटीच लांब पल्ल्याचं पळती. मला कुठं कुठं बोलावतेत, ताई, पोरांना मनाचं चार शब्द सांगा म्हणून, मी जाते, भीतीचं सांगते, हरण्याचं सांगते. दुःखाचं मला अजून येत न्हाई. रोज सकाळी पोरी पळायला लागल्या की मी कडेला उभी राहते अन् मनात म्हणते, पळा गं बायांनो, दमा, अन् दमून समद्या घरी जावा.